डुक्कर फियाटचे चार प्लग

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात बारामतीला मामांकडे गेलो होतो. निमित्त लग्नाचं, पण खरं काम मागच्या शेडमधल्या फियाटचं होतं. नातेवाईक मंडळींना ही गाडी वेगळी सांगायला नको, निम्म्या जणांचे लहानपणीचे फोटो तिच्या बॉनेटवर बसून काढलेले आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो. १९५०च्या दशकातली फियाट ११००, जिला आपल्याकडे सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. एकदा मागून बघितली की का ते कळतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या गाडीचं वाटोळं करत आणलं होतं. मामेभावाच्या डोक्यात आलं की इंजिन उघडलंच आहे तर जरा पळणारं करू. त्याच्या बाजूनं बोलायचं तर इटलीत फियाटनेच १९५३ साली याच १०८९ सीसीच्या इंजिनाची 'तुरिस्मो वेलोचे' नावाची आवृत्ती काढली होती. कॉम्प्रेशन वाढवून आणि वेबरचा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर बसवून तिची ताकद ३६ वरून ४८ अश्वशक्तीच्या आसपास नेली होती. आम्हीही तेच केलं. हेड घासून घेतलं, पिस्टन-रिंगा नव्या टाकल्या, जुना वेबर मिळवला. प्लग मात्र होते तेच परत बसवले. "प्लगचं काय, ठिणगी पडल्याशी मतलब," हे वाक्य माझं. कबूल करून टाकतो.

मे महिन्यात दुपारी इंदापूरला निघालो. भिगवणला हायवेला लागलो, मामेभावाने गाडी ताणली, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर आतून टकटक, मग मागे निळा धूर. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मामा काहीच बोलले नाहीत. टेम्पोला बांधून परत येईपर्यंत ते स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसले होते. गाडी त्यांच्या वडिलांची. ते न बोलणं अजून माझ्या अंगावर आहे.

तर प्लग. यात ठिणगीपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे उष्णता. प्लगचं पांढरं चिनीमातीचं नाक इंजिनाच्या आत असतं. ते साधारण ४५०-५०० अंशांपर्यंत तापलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिलं तर काजळी साठते आणि ठिणगी तिच्यातूनच निसटते. ८५०च्या पुढे गेलं तर ते नाकच निखारा होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं, पिस्टन अजून वर येत असताना. असं होत राहिलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन किती वेळ टिकणार? लांब नाकाचा प्लग उष्णता धरून ठेवतो, तो 'गरम' प्लग. आखूड नाकाचा ती पटकन हेडकडे सोडतो, तो 'थंड'. मंद चालणाऱ्या इंजिनाला गरम, तापणाऱ्या इंजिनाला थंड. नावं उलटी वाटतात, पण आहे हे असं.

आमच्या गाडीत जे होते ते गरमपैकी. कारण साधं होतं. शेवटच्या काळात मामा गाडी घरापासून मार्केट यार्डापर्यंत न्यायचे आणि झिजलेल्या रिंगांमधून तेल वर यायचं. प्लग काळे पडायचे म्हणून जुन्या मिस्त्रींनी मुद्दाम गरम प्लग टाकले होते. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. इंजिन बदललं आणि आम्ही त्यांचं उत्तर तसंच ठेवलं.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच शिरलो (बायकोच्या मते फारच). शोधता शोधता घराजवळच येऊन पोचलो. ही गाडी जिथे बनली ती कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली स्थापन केली वालचंद हिराचंदांनी. म्हणजे इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्यांच्या नावाचं वालचंदनगर उभं आहे तेच. सोलापूरचा १८८२चा जन्म. रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात, १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी, १९४० साली बंगळुरात विमानाचा कारखाना. १९३२ साली साखरेला संरक्षण मिळालं आणि त्या दशकात या कोरड्या मुलखात त्यांचा ऊस आणि साखर कारखाना उभा राहिला. मोटारीचा कारखाना मात्र त्यांना युद्धाआधीपासून हवा होता. सर विश्वेश्वरय्याही त्यासाठी खटपट करत होते, पण इंग्रज सरकारने पाठबळ दिलं नाही. अखेर १९४७ साली कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, त्याही आधी क्रायस्लरच्या, मग फियाटच्या. वालचंद १९५३ साली गेले. फियाट ११००ने पुढे घराघरात जे स्थान मिळवलं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

त्याच सुमाराला सरकारने धोरण बदललं. नुसते सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना जागा राहिली नाही, जनरल मोटर्स १९५४ साली मुंबईतला गाशा गुंडाळून गेली. इथे राहायचं तर भाग इथेच बनवायचे. यातूनच प्लगही देशी झाला. १९०२ साली जर्मनीत बॉशच्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून प्लग तयार केला होता. त्याच बॉशची इथली कंपनी म्हणजे १९५१ साली बंगळुरात निघालेली मायको. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मिस्त्री लोक अजून 'मायकोचा प्लग द्या' असंच म्हणतात.

मामांच्या पत्र्याच्या डब्यात असे जुने मायको सापडले, आणि खरा गोंधळ तिथे झाला. जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५ असे आकडे. आकडा मोठा तितका प्लग थंड. नव्या पद्धतीत हे उलटं झालं. जुना १७५ म्हणजे नवा ७, जुना २२५ म्हणजे नवा ५. एनजीकेत पुन्हा मोठा आकडा थंड, चॅम्पियनमध्ये मोठा आकडा गरम! दुकानात जाऊन 'एक नंबर वरचा द्या' म्हणालात तर काय हातात पडेल ते कंपनीवर अवलंबून. त्यात आट्यांची लांबी. 'डब्ल्यू ७ ए सी' आणि 'डब्ल्यू ७ डी सी' एकाच उष्णतेचे, पण पहिल्याच्या आट्या अर्धा इंच आणि दुसऱ्याच्या पाऊण इंच. आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो पिस्टनवर आपटू शकतो, नाहीतर आत डोकावणाऱ्या आट्याच तापून निखारा होतात. आमचं हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून प्लग थंड इंजिनावर आणि आधी हातानेच फिरवायचा. पान्याने सुरुवात करणाऱ्याला मामा शेडमध्ये येऊ देत नाहीत.

मामेभावाने यावेळी उत्साहात एकदम ५ नंबर आणले. शर्यतीला ठीक असतील. भिगवण चौकातून कसब्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या तोवर चारही कोळशासारखे काळे, आणि गाडी ढकलत घरी. अमेरिकेतल्या चुलतभावाने इरिडियमचे सुचवले. त्याला इथेच उत्तर देतो: दादा, बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, जुन्या कॉईलला ते बरंच आहे, पण त्याने ताकद वाढत नाही आणि उष्णतेचा नंबर चुकला तर इरिडियमही तितकंच काळं पडतं. शेवटी साध्या तांब्याच्या गाभ्याचे ६ नंबर घेतले, फट ०.६ मिलिमीटर. पॉइंटच्या इग्निशनला याहून जास्त फट मी ठेवणार नाही.

आता राहिलं पेट्रोल. इथे पुन्हा ऊस येतो. महाराष्ट्रात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाडच्या डेपोंवर झाले, २००३ साली ५ टक्क्यांची योजना आली आणि २०२५ पर्यंत देशभरात प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे साखर कारखाने आमच्या आजूबाजूचेच, मामांचा स्वतःचा ऊस जातो. त्यामुळे शेडमध्ये इथेनॉलला नावं ठेवायची सोय नाही. पण इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला कुठलं कळायला? तो पूर्वीच्याच मापाने देतो आणि मिश्रण पातळ पडतं, नाक आणखी तापतं. आमचा पिस्टन जळला त्यात गरम प्लग, वाढवलेलं कॉम्प्रेशन आणि हे पातळ मिश्रण असा तिघांचा वाटा होता. म्हणून यावेळी वेबरचा मुख्य जेट मोठा केला आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या.

रविवारी पहाटे पुन्हा निघालो. यावेळी मामा स्वतः चालवत होते. इंदापूरच्या अलीकडे भर वेगात त्यांनी एकदम चावी बंद केली, क्लच दाबून गाडी कडेला घेतली. चालतं इंजिन असं तोडलं तरच प्लगचा खरा रंग दिसतो, रिकाम्या रेसवर ठेवून नाही. चहा होईपर्यंत थांबून चारही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पहिला, दुसरा, चौथा पार्ले बिस्किटाच्या रंगाचे. तिसरा अजून जरा पांढरट.

मामांनी तो उन्हात धरून बराच वेळ बघितला. "परत जाताना साठच्या वर नको रे," म्हणाले. जेट आणखी एक नंबर मोठा मागवला आहे.