मुशीचे भय आणि पाण्याची पारख

हिंगोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांहून दूर. आपल्याकडे कयाधू आहे, पैनगंगा आहे, पूर्णेवर सिद्धेश्वरचे धरण आहे. पण लाटा नाहीत. तरीही शाळेची सहल कोकणात निघाली की एखादी आजी गुरुजींना हटकतेच, "लेकराला पाण्यात उतरू देऊ नका बरं का गुरुजी, तिथं माणसं खाणारा मासा असतोय म्हणं!" आजीला हसू नका. तिची काळजी खरी आहे. फक्त ती ज्याला भिते, तो चोर निराळा आहे. या भयाचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

पाण्यातल्या जनावराचे भय आपल्याला नवे नाही. गजेंद्राचा पाय नक्राने धरल्याची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण तर मुलांच्याही तोंडी असते. सुसरीच्या जागी समुद्रात मुशी. कोकणात तिच्या लहान जातीला मोरी म्हणतात. तिथले कोळी पिढ्यान् पिढ्या मुशी जाळ्यात धरतात, बाजारात विकतात, कालवण करून खातात. म्हणजे माणसाने मुशीला खाल्ल्याचे दाखले रोजचे; मुशीने माणसाला चावल्याचे क्वचितच.

मग एवढा दरारा आला कोठून? १९१६ सालच्या जुलैत अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावर बारा दिवसांत मुशीने पाच जणांना धरले; त्यांतले चार दगावले. त्यांपैकी दोघे तर मोकळ्या समुद्रात नव्हे, मॅटावान गावाजवळच्या खाडीत गेले. त्या दिवशी एका म्हाताऱ्या खलाशाने पुलावरून मासा आत शिरताना पाहिला होता. त्याने गावभर ओरडून सांगितले. पण लोकांनी त्याला वेड्यात काढले. थोड्याच वेळात एक शाळकरी मुलगा गेला, आणि त्याला शोधायला उतरलेला तरुणही गेला.

पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यांवर १९३७ पासून मुशी अडवण्यासाठी जाळी टाकू लागले. १९७५ साली अमेरिकेत मुशीवर एक चित्रपट निघाला आणि ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांनाही धडकी भरली. ज्या कादंबरीवरून तो निघाला, तिच्याच लेखकाने पुढे मुशींच्या रक्षणासाठी काम केले. गंमत पाहा, फळी घेऊन लाटेवर स्वार होण्याचा खेळ हवाई बेटांवर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. कॅप्टन कूकच्या जहाजावरील एका अधिकाऱ्याने १७७९ साली त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. हाच सर्फिंगचा खेळ आता गोव्यातही शिकवतात, आणि नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो मुशीचाच.

आता हिशेब मांडू. मुशीच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. माणसाला खरा धोका त्यांतल्या मोजक्यांचा. साऱ्या जगात मुशीने आपणहून चावा घेतल्याच्या घटना वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास, आणि मृत्यू साधारण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या एकट्या देशात बुडून मरणारे मात्र वर्षाला तीस हजारांहून अधिक! धोका अगदीच नाही असे मात्र नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात उतरलेल्या एका माणसाच्या पायाला मुशीने चावा घेतला. पण १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेथे मुशी नव्हती. होते ते फक्त पाणी.

हे पाणी कसे ओळखावे? लाटा किनाऱ्याकडे येतात. ते पाणी परत कोठून जाते? वाफ्याचा बांध एका जागी फुटला की सारे पाणी तिकडेच धावते ना, तसेच. दोन बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस दिसतो आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतो. नवख्याला वाटते, हीच जागा बरी. नेमकी तीच ओढीची जागा! ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध हात मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. पोहणे होत नसेल तर तरंगत राहून हात वर करा आणि हाक द्या.

कोळी माणूस भरती-ओहोटी पाहिल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण त्याला तोंडपाठ असते. म्हणून, गुरुजी, सहल नेलीत तर आधी गावच्या कोळ्याला विचारा. जीवरक्षक असेल तेथेच थांबा. लाल-पिवळी निशाणे लावली असतील तर त्यांच्याच मध्ये उतरा. लाल निशाण दिसले तर मुळीच उतरू नका. मुले मोजून पाण्यात सोडा आणि मोजूनच बाहेर घ्या.

हीच पारख घरच्या पाण्यालाही लावावी. पोळ्याला बैल धुताना, गणपती बोळवताना कयाधूच्या काठी काय होते ते आपण जाणतो. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यापुढे एकदम पुरुषभर खड्डा असतो. धरणाचे पाणी वरून शांत, खाली गाळ. पूर्वी वाळलेला भोपळा पाठीला बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकवीत. काठावर जाणता माणूस आणि हाताशी दोर असे. तो जाणता माणूस आणि तो दोर आपण विसरू नये. कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, धोतर, लांब काठी, जे मिळेल ते फेका. एकाच्या मागे दुसरा गेल्याच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या.

मॅटावानच्या लोकांनी म्हाताऱ्याचे ऐकले असते तर दोन जीव वाचले असते. तेव्हा आजी पुन्हा म्हणाली, "लेकराला सांभाळा," तर मान डोलवा. फक्त तिला एवढे सांगा, "आजी, माशाचं भ्या नाही, पाण्याचं आहे. अन् पाणी बघूनच उतरू."