गेमिंग संगणक : बेताच्या खर्चातील जुळणी

तयार यंत्र विकत न घेता प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि कॅबिनेट हे भाग सुटे निवडून, ठरलेल्या रकमेत बसवलेला, मुख्यतः खेळांसाठीचा संगणक. बोलण्यात ‘असेंबल्ड पीसी’. मुंबईत या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आहे. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट ही त्याच तोडीची ठिकाणे.

निवडीची सुरुवात प्रोसेसरपासून करण्याची सवय आहे; ती खेळ आणि मॉनिटर यांच्यापासून व्हायला हवी. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६०×१४४० वर ३६.९ लाख आणि ‘फोर-के’वर ८२.९ लाख. दर सेकंदाला साठ किंवा अधिक वेळा हे सारे चित्र नव्याने काढायचे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्यामुळे बेताच्या खर्चात पहिल्या आकाराचाच पडदा शहाणपणाचा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि चपळ प्रोसेसर उपयोगी पडतो, कारण हे खेळ कार्डाला फारसे दमवत नाहीत. सायबरपंक २०७७ सारख्या खेळात मात्र बहुतेक भार कार्डावर येतो.

सर्वसाधारण खेळांसाठी मॉनिटर वगळून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम कार्डासाठी राखावी. दुकानात मिळणाऱ्या तयार कोटेशनात बरेचदा याच्या उलट असते. ‘आय७’ प्रोसेसर, रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे आणि त्यांच्या जोडीला जेमतेम कार्ड. गिऱ्हाईक प्रोसेसरचा आकडा ऐकून खूश होते आणि खेळ अडखळत चालतो.

कार्ड निवडताना नुसती किंमत फसवते. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी (जानेवारी २०२२) हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात केवळ ४ जीबी मेमरी आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या चारच लेन होत्या. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या नव्या बोर्डावर ते कसेबसे निभावे, पण ३.० च्या जुन्या बोर्डावर त्या चार लेनची क्षमता निम्मी होऊन वेग आणखी घसरे. म्हणजे ज्याने पैशाअभावी जुना बोर्ड ठेवला, त्यालाच हे स्वस्त कार्ड सर्वांत महाग पडले. त्याआधी, २०२१ मध्ये आलेले ८ जीबीचे आरएक्स ६६०० पुढे किमती उतरल्यावर १०८० च्या पडद्यासाठी भरवशाची निवड ठरले. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० (२०२३) ११५ वॉटमध्ये भागते. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० (डिसेंबर २०२४) मेमरीच्या बाबतीत उदार आहे, मात्र मदरबोर्डात ‘रिसायझेबल बार’ची (प्रोसेसरला कार्डाची सारी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय नसेल तर ते घेऊ नये.

रॅम १६ जीबी असावी आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्यांमुळे मेमरीचे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारख्या, ग्राफिक्सची सोय असलेल्या प्रोसेसरला स्वतंत्र व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) नसते, ते रॅममधूनच काम भागवतात. तेथे एकच पट्टी लावली तर वेग डोळ्यांना दिसेल इतका पडतो. जुळणीनंतर बायॉसमध्ये रॅमचा छापील वेग लावणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू करायला विसरू नये, नाहीतर पैसे मोजलेला वेग मिळतच नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढील ‘एफ’कडेही लक्ष हवे. आय३-१२१००एफ स्वस्त आणि चांगला आहे, पण कार्डाशिवाय त्यावर पडदा उजळणार नाही.

मदरबोर्ड घेताना सॉकेटचे भवितव्य पाहावे. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला. पुढे पहिल्या पिढीतील अनेक बोर्डांनाही बायॉस बदलून ५००० मालिकेचे प्रोसेसर चालू लागले. इंटेलचा एलजीए१७०० मात्र चौदाव्या पिढीशी संपला. २०२२ पासूनचा एएम५ अजून चालू आहे, परंतु त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. जुन्या व्हिडिओतील भावपत्रक हाती घेऊन बाजारात जाणे म्हणूनच व्यर्थ आहे.

सर्वाधिक काटकसर होते ती एसएमपीएसवर, आणि तीच सर्वांत घातक. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला ‘४५० वॉट’चा डबा बहुधा तेवढी शक्ती देत नाही. त्याच्या चिकटपट्टीवर १२ व्होल्टपुढे लिहिलेले अँपिअर पाहून त्याला १२ ने गुणावे. कार्ड आणि प्रोसेसर यांना उपयोगी वॉट तेवढेच. ‘८० प्लस’ हे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते, आतील भाग टिकाऊ आहेत की नाहीत ते नाही. जेथे वीज वारंवार जाते, तेथे यूपीएसचा खर्च आधीच धरावा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. खेळ जतन करून संगणक बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग.

कॅबिनेटला पुढे जाळी असावी, काच नसावी. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा फरक जाणवतो. एसएसडी ५०० जीबीपेक्षा लहान घेऊ नये.

सेकंडहँड कार्डांचा बाजार इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ग्राफिक्स कार्डांवर चालणारे खाणकाम (मायनिंग) बंद केल्यावर फुगला. खाणीत राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पंखे आणि मेमरी तपासून, समोर अर्धा तास भारी खेळ चालवून ते घ्यावे. जुन्या चिपवरचे बायॉस बदलून नव्या नावाने विकलेली कार्डेही आढळतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक एनव्हिडिया कार्डे ओळखते आणि नावापुढे ‘फेक’ असे दाखवते. नव्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो. बिल टाळून तो वाचवण्याचा मोह होतो, पण बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर नसेल तर वॉरंटीसाठी भांडायला हाती काही उरत नाही.

सगळी रक्कम एकदम जमत नसेल, तर चांगला एसएमपीएस, चालू सॉकेटचा बोर्ड, ग्राफिक्सची सोय असलेला प्रोसेसर आणि दोन पट्ट्या रॅम एवढे आधी घ्यावे. कार्ड सहा महिन्यांनी घातले तरी चालते.