दाद : एका उपचारपद्धतीची कुळकथा

शरीरावर उठलेला वळ दाखविता येतो, आणि दाखविला म्हणजे निदान त्याच्या अस्तित्वाविषयी कोणी वाद घालीत नाही. परंतु घालूनपाडून बोलण्याचा, आठवडेच्या आठवडे धरलेल्या अबोल्याचा, चारचौघांत केलेल्या पाणउताऱ्याचा आणि ‘तुला काही कळत नाही’ हे एकच वाक्य वर्षानुवर्षे निरनिराळ्या स्वरांत ऐकविल्याचा वळ कोणास दाखवावयाचा, हा प्रश्न भावनिक छळ सोसलेल्या माणसापुढे कायम उभा असतो. हा छळ बहुधा बंद दाराआड होतो. त्याला साक्षीदार नसतो, असलाच तर तो घरातलाच आणि मिंधा असतो. छळणारा स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश होतो, आणि दोष तुझाच आहे हा त्याचा निवाडा दिवसेंदिवस ऐकून सोसणाराही अखेर मान्य करतो. पुढे तर आपल्याला खरोखर काही लागले होते की नाही, याविषयीच त्याला शंका येऊ लागते.

अशा सात-आठ माणसांनी आठवड्यातून एकदा वर्तुळ करून बसावे, आपापली कैफियत सांगावी, जे सांगता येत नाही ते चितारावे, लिहावे अथवा करून दाखवावे, आणि इतरांनी ते मनापासून पाहावे व ऐकावे, ही उपचाराची रीत आता जगभर रूढ झाली आहे. तिचा वंशवृक्ष शोधीत मागे गेले, तर मन आणि अपमान हे शब्द बाजूला राहतात आणि समोर येतो तो क्षयरोग. समूहाने बसण्याची शाखा क्षयरोग्यांच्या एका वर्गातून फुटली, आणि चित्र काढण्याची शाखा क्षयरोग्याच्या एका खाटेवरून. या योगायोगाचा विचार मी जितका करतो, तितका तो मला अर्थपूर्ण वाटतो. कारण भावनिक छळ हाही एक क्षयच आहे. माणूस वरून धडधाकट दिसतो आणि आतून झिजत जातो.

1905 साली अमेरिकेतील बोस्टन शहरात जोसेफ हर्सी प्रॅट नावाचा एक तरुण वैद्य गरीब क्षयरोग्यांच्या चिंतेत होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 1882 साली दाखविला होता, पण त्याला मारणारे औषध निघण्यास अजून जवळजवळ चाळीस वर्षांचा अवकाश होता. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि पौष्टिक अन्न एवढाच इलाज, आणि तो डोंगरातल्या आरोग्यधामात राहण्याची ऐपत असलेल्यांनाच परवडणारा. प्रॅटने एमॅन्युएल चर्चच्या द्रव्यसाहाय्याने या गरिबांचा एक वर्ग काढला. दर आठवड्यास पंधरा-वीस रोगी एकत्र जमत. प्रत्येकाजवळ एक वही असे, आणि तीत त्याने आपला ताप, आहार आणि विश्रांतीचे तास रोजच्या रोज टिपून आणावयाचे असत. वजन घेतले जाई, वह्या तपासल्या जात, आणि ज्याची प्रकृती सुधारली असेल त्याचे सर्वांसमक्ष कौतुक होई.

प्रॅटचा मूळ उद्देश केवळ सोयीचा होता: एकाच वेळी अनेकांना पथ्यपाणी शिकविता यावे. परंतु थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले, की निरनिराळ्या वंशांची आणि धर्मपंथांची ही माणसे केवळ समान व्याधीच्या धाग्याने एकमेकांशी बांधली जात आहेत, आणि वर्गाच्या दिवसाची वाट पाहत आहेत. घरी ज्याच्यापासून शेजारी दूर सरत, तो येथे शेजारच्या खुर्चीवरील माणसाला आपली वही दाखवीत असे. औषधाच्या अभावी जो सहवास पथ्याचे वाहन म्हणून योजिला होता, त्याच्या अंगीच काही औषधी गुण आहे, हा शोध असा अनपेक्षित रीतीने लागला. आणि 1930 साली याच प्रॅटने बोस्टन डिस्पेन्सरीमध्ये दुसरा वर्ग सुरू केला, तो ज्यांच्या शारीरिक तक्रारींना शरीरात कारण सापडत नव्हते अशा रोग्यांसाठी. वर्ग तोच राहिला, आणि देहाच्या क्षयाची जागा मनाच्या क्षयाने घेतली.

दुसरा पूर्वज युरोपातला. बुखारेस्टला 1889 मध्ये जन्मलेला आणि व्हिएन्नात वाढलेला याकोब मोरेनो हा वैद्यकाइतकाच नाटकाचाही वेडा होता. पहिल्या महायुद्धाच्या आधी व्हिएन्नाच्या स्पिटेलबर्ग भागातील वेश्यांच्या छोट्या छोट्या बैठका त्याने भरविल्या, आणि त्यांत त्याला असे दिसले, की प्रारंभी परवाने, पोलीस आणि इस्पितळे यांच्याविषयीच बोलणाऱ्या या स्त्रिया हळूहळू एकमेकींचे दुःख ओळखू लागल्या आणि एकीचे औषध दुसरी होऊ लागली. पुढे 1920 नंतरच्या काळात त्याने लिखित संहितेवाचून चालणारे एक उत्स्फूर्त रंगमंदिर काढले. त्यातील एक नटी, जिला त्याने आपल्या लेखनात बार्बरा म्हटले आहे, रंगभूमीवर नेहमी सोज्वळ भूमिका करी. पण घरी तिच्या तोंडाला ताळतंत्र नसे आणि तिचा पती तिच्या शब्दांनी आणि हातांनी घायाळ होई. पतीने ही हकीकत मोरेनोच्या कानांवर घातली. मोरेनोने बार्बराला कर्कश, उद्दाम स्त्रियांच्या भूमिका दिल्या. मग पतीलाही रंगमंचावर आणून दोघांच्या घरातले प्रसंग दोघांकडूनच लोकांसमोर करविले. घरी राग येऊ लागला, की तो आपल्या भूमिकेसारखा दिसून तिला मध्येच हसू येई, असे मोरेनो सांगतो. आणि प्रेक्षकांना आपलेच घर पाहत असल्यासारखे वाटे, असेही सांगतो. ही गोष्ट सुखान्त म्हणून सांगण्याचा प्रघात आहे, पण तिचे खरे मोल तिच्या शेवटावर अवलंबून नाही. चार भिंतींच्या आत घडणारी गोष्ट चार माणसांच्या दृष्टीपुढे आली, म्हणजे तिचा आकार प्रथमच दिसू लागतो, ही जाणीव या प्रयोगातून उपचाराच्या शास्त्रात दाखल झाली. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर मोरेनोनेच ‘समूहोपचार’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा 1932 च्या सुमारास रूढ केली, आणि 1936 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे आपल्या रुग्णालयाला जोडून मनोनाट्याचे एक रंगमंदिर उभारले.

वर्तुळाला आजचे रूप मिळाले ते इंग्लंडात. जर्मनीतून 1933 साली आश्रयाला आलेला मनोविश्लेषक फूक्स, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेला फोक्स, एक्झेटर गावी काम करीत असता, एकेकटे येऊन आपापली पाळी संपली की निघून जाणारे रुग्ण एकत्र बसले तर काय होईल, हा प्रयोग त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी करून पाहिला. आणि त्या दिवशी घरी येऊन, आज मानसोपचाराच्या इतिहासात एक मोठी घटना घडली पण ती कोणास ठाऊक नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने पत्नीजवळ काढले. पुढे बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात, जेथे 1942 पासून बायन आणि रिकमन या मनोविकारतज्ज्ञांनी समूहाचे पहिले धाडसी प्रयोग केले होते, तेथे फोक्सने युद्धाने मन मोडलेल्या सैनिकांवर ही पद्धत चालविली. सारख्या उंचीच्या खुर्च्या वर्तुळात मांडलेल्या, मध्ये एक लहानसे मेज, आणि वैद्याची खुर्ची इतरांसारखीच आणि त्यांच्याच ओळीत. त्याच रुग्णालयाच्या आवारात लॉरेन्स ब्रॅडबरी नावाच्या लष्करी माणसाने चालविलेली चित्रकलेची एक झोपडी होती. सैनिकांनी यावे, हवे ते रंगवावे, हवे तर फाडावे. समूह आणि कुंचला या दोन शाखांचे सोयरपण प्रथम जुळले ते बहुधा अशा ठिकाणी.

कुंचल्याची शाखा मात्र जन्मली होती इंग्लंडातीलच मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात. एड्रियन हिल हा पहिल्या महायुद्धात रणभूमीची चित्रे काढलेला चित्रकार 1938 साली क्षयाने आजारी पडून तेथे दाखल झाला. सक्तीच्या विश्रांतीत हात स्वस्थ बसेना, म्हणून त्याने खाटेवर पडल्या पडल्या समोरच्या वस्तू चितारण्यास आरंभ केला, आणि आपल्याला त्याने उभारी येते असे पाहून शेजारच्या रोग्यांनाही कागद-पेन्सिल दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांनी त्या कागदांवर काढले ते पुष्पपात्र नव्हे, तर आपले भय. ‘कलोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द हिलने 1942 मध्ये योजिला, आणि 1945 साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याचा सहकारी एडवर्ड अॅडमसन 1946 मध्ये सरे परगण्यातील नेदर्न मनोरुग्णालयात गेला, तेव्हा पहिल्याच भेटीत एका रुग्णाने त्याच्या हातात कागदाची एक सुरळी ठेवली. शौचकूपातला तो पातळ कागद, आणि त्यावर काड्यापेटीच्या जळलेल्या काड्यांच्या काजळीने काढलेल्या आकृती. रंग मागावयाचा कोणाकडे हे ज्याला ठाऊक नव्हते, त्या माणसाने आपली कैफियत त्या नाजूक कागदावर काढून, पाहणारा कोणी येईल या आशेवर जपून ठेवली होती. अॅडमसनने पुढे 1981 पर्यंत तेथे चित्रशाळा चालविली. चित्राचा अर्थ लावावयाचा नाही, दुरुस्ती सुचवावयाची नाही, फक्त काढणाऱ्याच्या सोबतीस राहावयाचे आणि चित्र जपून ठेवावयाचे, असे त्याचे व्रत होते.

हिल खाटेवर चित्रे काढीत होता त्याच 1938 साली इंग्लंडच्या रंगभूमीवर पॅट्रिक हॅमिल्टनचे ‘गॅस लाइट’ हे नाटक आले. त्यातील पती पत्नीला वेडी ठरवू पाहतो. वस्तू लपवितो आणि तूच हरवल्यास म्हणतो. रोज संध्याकाळी दिव्याची ज्योत आपोआप मंद होते हे तिला दिसते, पण हा आपल्या मनाचा भ्रम असावा अशी तिची खात्री होत आलेली असते. मग घरात एक तिऱ्हाईत येतो, आणि ज्योत मंद होताना तोही पाहतो. तेवढ्याने ती सावरू लागते. याच नाटकाच्या नावावरून दुसऱ्याला स्वतःच्या शहाणपणाविषयी शंकित करणाऱ्या छळाला इंग्रजीत नाव पडले. परंतु रोगाबरोबर इलाजही त्या प्रसंगात सांगितलेला आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ज्योत मंद झाली, मीही पाहिली, असे म्हणणारा दुसरा माणूस भेटणे, हाच तो इलाज.

हे सारे धागे छळ सोसलेल्यांच्या हाती आले ते स्त्रियांच्या चळवळीमुळे. 1971 साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी हिने स्त्रियांना जमून बोलण्यासाठी एक लहानसे घर उघडले. थोड्याच काळात तेथे मार खाल्लेल्या आणि घराबाहेर काढलेल्या स्त्रिया मुलांसह आश्रयास येऊ लागल्या. तिकडे बोस्टनच्या नदीपलीकडे केंब्रिज येथे ज्युडिथ हर्मन ही मनोविकारतज्ज्ञ अशा स्त्रियांचे समूह चालवीत होती. तिने 1992 साली प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या ग्रंथात बरे होण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, आणि अखेर माणसांत परतणे. जेथे प्रॅटने क्षयरोग्यांच्या वह्या तपासल्या होत्या, त्याच्या पलीकडच्या तीरावर हे वर्तुळ पुरे झाले.

आजच्या बैठकीत हे टप्पे कसे पाळले जातात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बैठक बहुधा दीड तासाची. येथे ऐकलेले येथेच राहील ही पहिली अट, आणि बोलण्याची सक्ती कोणावर नाही ही दुसरी. छळणारा आणि सोसणारा यांना एका वर्तुळात बसवीत नाहीत, आणि जो अजून धोक्यात आहे त्याच्या आसऱ्याची व्यवस्था आधी पाहतात. मग एखादे दिवशी सूचना येते: आपल्या जुन्या घराचा नकाशा काढा, आणि जेथे पाऊल जड होत असे तेथे खूण करा. कोणी देवघरापाशी फुली मारतो, कोणी जेवणाच्या पाटापाशी. कोणाच्या कागदावर सर्व खोल्या कोऱ्या राहतात आणि फक्त जिन्याची शेवटची पायरी काळी केलेली असते, कारण वर येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे तेथेच कळत असे. कागद मध्ये ठेवले जातात. आणि शेजारची बाई हळूच म्हणते, ‘आमच्याकडे किल्लीचा आवाज होता.’ येथे कोणी सांत्वन केलेले नसते, उपदेश तर नाहीच. तरीही पायरी काळी करणाऱ्याचे खांदे खाली येतात. एकट्याने लिहिण्यानेही काही साधते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकरने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या दुःखद अनुभवांविषयी लिहिले, आणि पुढील महिन्यांत त्यांच्या वैद्याकडील फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांतून हा गुण माफकच असल्याचे दिसले. कागद ऐकून घेतो खरा, पण ‘आमच्याकडेही’ असे तो म्हणत नाही.

आपल्या देशात 2005 साली झालेल्या आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक व भावनिक छळास हिंसाचाराच्या व्याख्येत स्थान दिले. अपमान, उपहास, नावे ठेवणे, विशेषतः मूल किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे, यांचा त्यात नामनिर्देश आहे. हा मोठाच आधार होय. परंतु कायदा स्त्रियांसाठी आहे, आणि शब्दांनी झिजणारे मुलगे, पती आणि म्हातारे आईबापही आहेत. शिवाय न्यायालयाचा हुकूम घर सुरक्षित करू शकेल, मनात कायम झालेला जुना निवाडा रद्द करणे त्याच्या अखत्यारीत नाही.

तो रद्द होतो वर्तुळात, आणि तो कसा, हे सांगण्यास आपल्या भाषेत एक शब्द तयार आहे. फारसीतून आलेला ‘दाद’ हा शब्द मुळात न्यायाचा. म्हणून गांजलेला मनुष्य दाद मागतो, आणि त्याची दाद लागते किंवा लागत नाही. पण मराठीत तोच शब्द मैफलीत जाऊन बसला, आणि गवयाच्या एखाद्या जागेला रसिक जी मान डोलावतो तीही दादच झाली. न्याय आणि रसग्रहण यांना एकच नाव देण्यात भाषेने जे ओळखले, ते बोस्टनच्या वर्गापासून नेदर्नच्या चित्रशाळेपर्यंतच्या माणसांना एकेक पाऊल टाकीत शोधावे लागले: तुझे म्हणणे खरे आहे, आणि तू ते सांगितलेस हे सुंदर आहे, या दोन गोष्टी दुखावलेल्या माणसाला एकत्रच ऐकावयाच्या असतात. ज्याच्या शब्दाला घरात कोणी कधी दाद दिली नाही, त्याने काळी केलेली एक पायरी सात माणसे स्तब्ध होऊन पाहतात, तेव्हा त्याला दोन्ही दादी मिळतात. आणि कित्येक वर्षांनी, आपल्याला लागले होते, यावर त्याचा स्वतःचा विश्वास बसतो.