घोड्याचे तोंड कोणीकडे?

घोडा स्वतःच्या पायांनीच मुक्काम गाठत होता, तोवर वाहनात त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. इंग्लंडमध्ये 1836 साली लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याने ‘एलिस’ हा शर्यतीचा घोडा, घोड्यांनीच ओढलेल्या बंद गाडीतून डॉनकास्टरला नेला आणि एलिसने तेथील सेंट लेजर शर्यत जिंकली. तेव्हा घोड्याला चालवून दमवण्यापेक्षा वाहून नेणे शहाणपणाचे, हे इतर मालकांनाही उमगले. इकडे मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान 1863 साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर घोडा घाट न चढता पुण्यास नेणे शक्य झाले.

भारतात तोंडाच्या दिशेच्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळते ते 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 1978 साली झालेल्या प्राणी वाहतूक नियमांत. रेल्वेच्या डब्यात घोडे रुळांना समांतर, एकमेकांसमोर तोंड करून उभे करावेत आणि रस्त्यावरील वाहनात त्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या रहदारीपासून दूर ठेवावीत, असे ते नियम सांगतात. रस्त्यावरील वाहनात गुरांनी मात्र शक्यतो इंजिनाकडे तोंड करावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. घोडा बुजू नये ही चिंता येथे प्रधान दिसते, तोलाची नव्हे.

तोलाचा विचार केल्यास चित्र पालटते. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे पुढे तोंड करून उभा असलेला घोडा ब्रेक लागताच डोके व छातीनिशी पुढे रेटला जातो, तर मागे तोंड केलेल्या घोड्याला धक्का मांसल पुठ्ठ्यावर बसतो. 1990 च्या दशकातील काही प्रयोगांत मागे तोंड केलेल्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी आढळले, काहींत फरक दिसलाच नाही. म्हणून एकच दिशा बिनचूक ठरवणे घाईचे होईल. दिशेइतकेच महत्त्व दोराच्या लांबीला आहे, कारण मान खाली घालता आली नाही तर श्वासमार्गातील घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होऊ शकतो. हा तपशील दिशेच्या वादात नेहमीच मागे पडतो.

1978 चे नियम शर्यतीच्या घोड्यांपुरते नाहीत. गोंदिया जिल्ह्यात इटियाडोह जलाशयाकाठच्या एखाद्या गावात वरातीसाठी टेम्पोतून घोडी आणली, तर तिलाही ते लागू होतात, आणि त्यांत वेगाची मर्यादा ताशी 35 किलोमीटर आहे.