डीफॉल्ट ब्रँचचे नाव बदलले. मार्गदर्शिकेत काय बदलावे?

गिट ही प्रोग्रामच्या फाइलींमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केली. एकाच प्रकल्पाच्या कामाचे समांतर प्रवाह गिटमध्ये ठेवता येतात. अशा प्रत्येक प्रवाहाला ब्रँच म्हणतात. वेगळे काही न सांगता जी ब्रँच समोर येते, ती डीफॉल्ट ब्रँच.

बदल काय झाला?

या ब्रँचचे नाव अनेक वर्षे 'मास्टर' होते. मालक-गुलाम या अर्थछटेमुळे 2020 मध्ये त्यावर आक्षेप वाढले. जुलै 2020 मध्ये आलेल्या गिट 2.28 मध्ये हे नाव स्वतः ठरवण्याची सोय मिळाली. 1 ऑक्टोबर 2020 पासून गिटहबवरील नव्या रिपॉझिटरींसाठी 'मेन' हे नाव वापरले जाऊ लागले. गिटलॅबनेही 2021 मध्ये तेच केले. संगणकावरील गिट मात्र वेगळी सेटिंग नसेल, तर 2.x आवृत्त्यांमध्ये 'मास्टर' हेच नाव देते. 3.0 आवृत्तीपासून तेथेही 'मेन' देण्याचे ठरले आहे.

वाचक कुठे अडतो?

समजा, एका विद्यार्थ्याने गिटहबवर रिपॉझिटरी उघडताना माहितीची रीडमी फाइलही तयार केली. तेथे 'मेन' ब्रँच आली. त्याच्या संगणकावर मात्र 'मास्टर' तयार झाली. जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे त्याने 'गिट पुश ओरिजिन मास्टर' ही आज्ञा दिली. आज्ञा यशस्वी झाली, पण गिटहबवर 'मेन'शेजारी दुसरी ब्रँच उभी राहिली. पान उघडल्यावर फक्त रीडमी दिसते आणि आपले काम गेले असे त्याला वाटते. काम सुरक्षित असते, पण दोन्ही ब्रँचचा इतिहास वेगळा असल्याने त्या नेहमीच्या पद्धतीने जोडता येत नाहीत.

उलट, संगणकावर फक्त 'मेन' असेल तर तीच आज्ञा 'मास्टर' सापडत नाही अशी त्रुटी दाखवून थांबते. दोन्ही वेळा विद्यार्थ्याने सूचना तंतोतंत पाळलेल्या असतात. जुनी झालेली असते ती मार्गदर्शिका.

मार्गदर्शिका कशी सुधारावी?

सगळीकडे 'मास्टर' पुसून 'मेन' लिहिणे पुरेसे नाही, कारण जुन्या प्रकल्पांत पहिले नाव आजही आहे. म्हणून:

- सुरुवातीलाच 'गिट ब्रँच' ही आज्ञा देऊन आपल्या ब्रँचचे नाव पाहायला सांगावे.
- नवीन प्रकल्पाच्या धड्यात नाव वाचकाकडूनच ठरवून घ्यावे. गिट 2.28 पासून 'गिट इनिट' या आज्ञेला 'बी' पर्याय जोडून ते देता येते.
- कोणती सूचना कोणत्या आवृत्तीपासून चालते, ते लिहावे.
- आज्ञांसोबत पडद्याची चित्रे, दुवे आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्यांच्या फाइलीही तपासाव्यात.

शेवटचा मुद्दा हमखास निसटतो. गिटहबवर ब्रँचचे नाव बदलल्यास फाइलींचे नेहमीचे दुवे नव्या नावाकडे वळतात. मूळ मजकूर थेट देणारे 'रॉ' दुवे वळत नाहीत. सहकाऱ्यांच्या संगणकांवरील प्रतींतही जुनेच नाव राहते. त्यामुळे प्रकल्पाचे नाव बदलणाऱ्याने आपली प्रत कशी जुळवून घ्यावी, हेही त्याच दिवशी मार्गदर्शिकेत लिहावे.