स्वामी रामानंद तीर्थांची स्वातंत्र्यकल्पना



मराठवाड्यांत स्वातंत्र्याचा झेंडा वर्षांतून दोन वेळां उभारला जातो. एकदां १५ ऑगस्टला व पुन्हां महिना लोटतांच १७ सप्टेंबरला. मी शाळेंत शिकवीत असतां ह्या दुसऱ्या प्रसंगीं एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारी, "गुरुजी, देश एक, तर स्वातंत्र्य दोनदां कसें मिळालें?" सनावळी सांगून मीं पुष्कळदां त्याची बोळवण केली, हें कबूल करतों. भारत १९४७ सालीं स्वतंत्र झाला, निजामानें सामील होण्याचें नाकारलें, तेरा महिन्यांनीं भारतीय सैन्य आलें आणि संस्थान मुक्त झालें. एवढें सांगितलें कीं तास संपे. परंतु त्या प्रश्नाचें खरें उत्तर सनावळींत नाहीं. तें शोधावयाचें तर स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या कार्याकडे व विचारांकडे वळावें लागतें. स्वातंत्र्य म्हणजे काय, ऐक्य कोणाचें आणि प्रगति कोणासाठीं, हे प्रश्न त्यांनीं जन्मभर बाळगले. आणि त्यांनीं दिलेलीं उत्तरें सर्वांना सोयीचीं वाटलीं असें मुळींच नाहीं.

स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं, विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें. सोलापुरास शिक्षण, पुढें राष्ट्रीय शिक्षणाचे संस्कार, मग कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांच्याजवळ कांहीं काळ चिटणिसाचें काम, आणि त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. तेथेंच त्यांनीं संन्यास घेतला. मात्र भगवीं वस्त्रें धारण करून ते मठांत गेले नाहींत, शाळेंतच राहिले. पुढें अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयांत ते शिकवीत असत. मुलांना धडे देणारा संन्यासी हें दृश्य आम्हां शिक्षकांना अंमळ अधिक जवळचें वाटतें, त्याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी.

त्या काळचें हैदराबाद संस्थान म्हणजे ब्याऐंशीं हजारांहून अधिक चौरस मैलांचा मुलूख. १९४१ च्या खानेसुमारींत लोकसंख्या एक कोटि साठ लाखांवर गेलेली. सोळा जिल्ह्यांपैकीं आठ तेलुगु, पांच मराठी व तीन कानडी. सुमारें चाळीस टक्के भूमि जहागिरींत व निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फ-इ-खासमध्यें अडकलेली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारें विद्यापीठ म्हणून त्याची वाहवा झाली व ती कांहीं अंशीं योग्यही होती. पण ती देशी भाषा उर्दू. नांदेडच्या वा लातूरच्या मराठी मुलास संस्थानांत पदवी घ्यावयाची तर गांव सोडून हैदराबाद गांठावें लागे आणि मातृभाषा बाजूस ठेवावी लागे. शिवाय १९२९ ची गस्ती निशाण ५३ होतीच. ह्या हुकुमान्वयें पूर्वपरवानगीवांचून सभा भरविणें अशक्य झालें.

जेथें राजकारणाचें नांव काढण्याची सोय नाहीं, तेथें लोक भाषेच्या निमित्तानें एकत्र येऊं लागले. तेलुगु भागांत आंध्र महासभा, कानडी भागांत कर्नाटक परिषद, व आमच्याकडे महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतुरास, दुसरें १९३८ सालीं लातुरास आणि पुढें एक नांदेड जिल्ह्यांतील उमरीस भरलें. अंबाजोगाईची शाळा सोडून स्वामीजी ह्याच सुमारास सार्वजनिक कार्यांत पडले. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस स्थापण्याचें ठरलें. तों सरकारनें तिच्या जन्माआधींच तिजवर बंदी घातली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला व स्वामीजी तुरुंगांत गेले. पण डिसेंबर संपण्यापूर्वींच, गांधीजींच्या सल्ल्यानें, स्टेट काँग्रेसनें आपला सत्याग्रह थांबविला.

हें थांबविणें पुष्कळांना रुचलें नाहीं. त्याच वेळीं आर्य समाज व हिंदु महासभा ह्यांचेही सत्याग्रह चालू होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी ही हिंदूंची मुसलमानांविरुद्ध मागणी आहे असा समज पसरविण्यास निजामाच्या सरकारास त्यामुळें आयतेंच साधन मिळालें. स्वामीजींची भूमिका निराळी होती. लढा एका राजवटीशीं व सरंजामी व्यवस्थेशीं आहे, एका धर्माशीं नाहीं. आणि हा भेद बोलण्यांत नव्हे तर वागण्यांत दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. १९४६ सालीं बंदी उठली तेव्हां तिन्ही भाषांच्या परिषदा आपआपलें अस्तित्व विसर्जित करून स्टेट काँग्रेसमध्यें मिळाल्या. भाषा वेगळ्या असल्या म्हणजे फूट पडते असें मानणाऱ्यांनीं ही घटना ध्यानीं ठेवावी. लोक आपापल्या भाषेंतून जागे झाले, आणि जागे झाल्यावर एक झाले.

१९४७ चा उन्हाळा येईतों निजामानें स्वतंत्र राहण्याचा निश्चय जाहीर केला होता. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष ह्या नात्यानें स्वामीजींनीं ७ ऑगस्ट हा दिवस भारतांत सामील होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून पाळावयास सांगितलें. १५ ऑगस्टला देश उत्सव करीत असतां स्वामीजींना हैदराबादेंत अटक झाली. नोव्हेंबरांत निजाम व भारत सरकार ह्यांच्यांत 'जैसे थे' करार झाला. त्या सुमारास त्यांची सुटका झाली, व २६ जानेवारी १९४८ ला ते पुन्हां बंदिवासांत गेले ते संस्थान मुक्त होईपर्यंत.

बाहेर रझाकारांचा अंमल सुरू होता. त्यांचा सेनापति कासीम रझवी हा लातूरचा वकील, ही गोष्ट आमच्या भागास विसरतां येण्याजोगी नाहीं. त्यापूर्वींच १९४६ च्या ऑक्टोबरांत नांदेड जिल्ह्यांत अर्जापुराजवळ गोविंदराव पानसरे ह्यांचा खून झाला होता. आतां सरहद्दीबाहेर कॅम्प उभे राहिले. उमरखेडच्या कॅम्पांतील तरुणांनीं ३० जानेवारी १९४८ रोजीं उमरीची बँक लुटली. त्याच सायंकाळीं दिल्लीस गांधीजींची हत्या झाली. उमरीहून हातीं आलेली रक्कम वीस लाखांच्या घरांत होती. अहिंसेचें व्रत घेतलेल्या चळवळींत ही लूट कशी बसते, हा प्रश्न टाळण्यांत अर्थ नाहीं. मला स्वतःला तो आजही पूर्ण सुटलेला नाहीं. एवढें मात्र खरें कीं, त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, आणि मुक्तीनंतर उरलेली रक्कम सरकारजमा झाली. इतका पैसा व इतकी धामधूम असतां हिशेब राखणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

ऐक्याचा विषय निघाला म्हणजे आणखी एक नांव घेतलेंच पाहिजे. 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनीं निजामानें भारतांत सामील व्हावें असें निर्भयपणें लिहिलें, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांचा हैदराबादेंत निर्घृण खून करण्यांत आला. रझाकारांच्या विरोधांत प्राण देणारा हा संपादक मुसलमान होता, हें आमच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणें आलें असतें तर बरें झालें असतें.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ तारखेस निजाम शरण आला. येथें बहुतेक व्याख्यानें संपतात. परंतु इतिहास येथें संपला नाहीं, व जें पुढें घडलें तें सांगतांना जीभ अडखळते. भारत सरकारनें वस्तुस्थिति पाहण्यासाठीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्यांना संस्थानांत पाठविलें. त्यांचा अहवाल कित्येक दशकें कपाटांत राहिला. २०१३ सालीं तो सर्वांच्या पाहण्यांत आला. पोलीस कारवाईच्या वेळीं व नंतर संस्थानांत सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मारलीं गेलीं असावींत असा त्यांचा अंदाज. ह्यांत बहुतेक मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ह्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली, असें अहवाल म्हणतो. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. लातुरास ही कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली व हजारावर माणसें मेलीं, अशी त्यांत नोंद आहे. रझाकारांनीं आधीं केलेले अत्याचार खरे होते. पण ज्यांनीं सूड भोगला त्यांतील असंख्य लोकांनीं कोणाच्या केसासही धक्का लावला नव्हता. त्याच अहवालांत आणखी एक नोंद आहे: एके ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर बांधवांना बाहेरून आलेल्या लोकांपासून वांचविलें आणि त्यासाठीं प्राणही वेंचले. स्वामीजी ज्या ऐक्याविषयीं बोलत, तें त्या विणकरांनीं आचरणांत आणलें. लातुरास तें धुळीस मिळालें. १७ सप्टेंबरचा दिवस साजरा करतांना ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आठवल्या पाहिजेत असें माझें मत आहे, मग तें कोणास रुचो वा न रुचो.

मुक्तीनंतरचीं वर्षें स्वामीजींना सुखाचीं गेलीं नाहींत. ज्या निजामाशीं दहा वर्षें झुंज दिली तोच २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख म्हणून बसला. स्टेट काँग्रेसमध्यें गट पडले. १९५२ सालीं ते गुलबर्ग्याहून व १९५७ सालीं औरंगाबादेहून लोकसभेवर निवडून आले. कानडी मतदारांनीं एकदां व मराठी मतदारांनीं एकदां त्यांना आपलें मानलें. आणि ह्याच मनुष्यानें हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणें तीन भाग करावेत असा हट्ट धरला!

वरवर पाहतां हें विचित्र वाटतें. पंडित नेहरूंना हैदराबादचें संमिश्र जीवन मोलाचें वाटे व तें मोडण्यास ते नाखूष होते. फाजल अली आयोगानेंही १९५५ सालीं तेलंगण हें हैदराबाद ह्या नांवानें तूर्त वेगळें ठेवावें अशी शिफारस केली. स्वामीजींचा युक्तिवाद असा कीं, हें राज्य लोकांनीं घडविलेलें नव्हे. एका घराण्याच्या सत्तेनें तीन भाषांचे तुकडे एकत्र बांधले होते. ज्या राज्याचा कारभार प्रजेला तिच्या भाषेंत समजत नाहीं, तेथें लोकशाही नांवापुरतीच राहते. देशाचें ऐक्य आणि संस्थानाची सीमा ह्या दोन वस्तूंची गल्लत त्यांनीं कधीं केली नाहीं. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्य संपलें व मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आमच्या भागास हा बदल नकाशावर स्पष्ट दिसतो. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बिदरमधून उस्मानाबादेंत आले, आणि १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हां त्यांत गेले. किनवट आदिलाबादेंतून नांदेडास आलें, तर मुधोळ व भैंसा नांदेडांतून गेले. देगलूरच्या बाजारांत आजही मराठी, तेलुगु आणि कानडी एकाच पालाखालीं ऐकूं येतात. सरहद्द आंखली म्हणून त्यांत कांहीं उणें झालें नाहीं.

राहिला प्रश्न प्रगतीचा. राजकीय मुक्ति ही पहिली पायरी असून कसणाऱ्यास जमीन व मुलास शिक्षण मिळाल्यावांचून ती अपुरी आहे, ही स्वामीजींची धारणा होती. १९४९ सालीं जहागिरी नष्ट झाल्या, १९५० सालीं कुळकायदा आला. १९५१ च्या एप्रिलांत विनोबांनीं तेलंगणांतील पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ केला, त्यासही स्वामीजींचा पाठिंबा लाभला. कायद्याचा लाभ किती कुळांच्या पदरीं पडला आणि किती जणांना तो लागू होण्यापूर्वींच जमिनीवरून उठविलें, हें गांवोगांवच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे. शिक्षणाचें कार्य अधिक टिकाऊ ठरलें. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज उघडलें, त्यामागें स्वामीजींचीच प्रेरणा होती. ह्याच कॉलेजांत पुढें नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले. ज्या मुलास पदवीसाठीं हैदराबादची गाडी धरावी लागे, त्यास आतां गोदेच्या कांठीं कॉलेज मिळालें. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडास विद्यापीठ झालें व त्यास स्वामीजींचेंच नांव देण्यांत आलें. लातूरचीं कॉलेजें त्याच्याच कक्षेंत येतात.

पाण्याचें मात्र तसें झालें नाहीं. १९७२ च्या दुष्काळाची आठवण मराठवाड्यांत अजून ताजी आहे. आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याचीं वाघिणीं घेऊन पहिली आगगाडी लातुरास आली, तेव्हां स्टेशनावर जमलेल्या गर्दींत आनंद अधिक होता कीं लाज, हें सांगणें कठीण आहे.

तो १९७२ चा दुष्काळ पाहावयास स्वामीजी राहिले नाहींत. त्या वर्षीं २२ जानेवारीस हैदराबादेंत त्यांनीं देह ठेवला. त्यांची समाधि तेथेंच, बेगमपेठेंत आहे. नांदेडाहून आगगाडीनें एका रात्रीच्या अंतरावर.