शपथ आणि सोबत

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली आगगाडी वैनगंगा ओलांडून गोंदियाला येते आणि पुढे आमगाव, सालेकसा करीत डोंगरगडच्या रानात शिरते. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक या मार्गाने प्रवास करीत होते. त्या वेळी ते ख्रिस्तीही नव्हते आणि रेव्हरंडही नव्हते. डब्यातील एका युरोपियन सहप्रवाशाशी बोलणे निघाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती बायबल ठेवले व ते वाचण्याचे वचन घेतले. दिला शब्द पाळायचा म्हणून टिळक वाचावयास बसले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तेथे त्यांची वाटचाल संपली असे मात्र नव्हे. त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही सारखीच जागा होती. श्रद्धा ही एका दिवसाची घटना नसते, ती झाडासारखी वर्षानुवर्षे वाढते, हेच टिळकांचे चरित्र सांगते. व्यसनातून सुटण्याची गोष्टही याहून वेगळी नाही. मात्र हे उमगावयास जगाला फार वेळ लागला.

गोंदियाच्या रानात चैत्राच्या सुमारास मोहाची फुले टपटप गळतात. गोंड कुटुंबांना हे झाड म्हणजे कल्पवृक्षच. फुले खावयास, बियांचे तेल घरात आणि दारू देवकार्याला. पण सणासुदीची दारू रोजची झाली की घर पोखरू लागते, आणि हे काही रानातच घडते असे नाही. शहरातल्या दिवाणखान्यांतही तेच घडते. त्यावर कायद्याचे उपाय झाले. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. गोंदियाच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीने १९९३ साली दारूबंदी आणली. कायदा दुकान बंद करू शकतो, आणि तेही थोडके नव्हे. पण ज्याच्या अंगात तलफ भिनली आहे, त्याचे रात्री बारा वाजता काय करावयाचे, हे कायद्याला सांगता येत नाही.

ख्रिस्ती समाजाने आधी शपथेचा मार्ग धरला. १८७३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या स्त्रिया दारूच्या गुत्त्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या. पुढच्याच वर्षी त्यांतून स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघ उभा राहिला. १८८६ साली अमेरिकेस गेलेल्या पंडिता रमाबाईंचा या संघाशी जवळचा संबंध आला. बायका एकत्र आल्या म्हणजे केवढे काम करू शकतात, हे त्यांनी तेथे पाहिले आणि १८८९ च्या आपल्या प्रवासवृत्तात मराठी वाचकांपुढे मांडले. शपथपत्रावर सही घेणे हे त्या चळवळीचे मोठे साधन होते. पण सही करणारा हात दुसऱ्या दिवशी कापू लागला, तर तो धरायचा कोणी?

त्याचे उत्तरही ओहायोतच मिळाले. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामानिमित्त अ‍ॅक्रन गावी आले होते. दारू सोडून त्यांना काही महिनेच झाले होते. धंद्यात अपयश आले आणि पुन्हा प्यावेसे वाटू लागले. तेव्हा त्यांनी चर्चला दूरध्वनी करून दुसऱ्या एखाद्या दारुड्याची गाठ घालून देण्याची विनंती केली! त्यांची गाठ पडली शल्यविशारद बॉब स्मिथ यांच्याशी. उपदेश करणारे डॉक्टरांना पुष्कळ भेटले होते. आपलीच कहाणी सांगणारा माणूस मात्र आता भेटला. १० जून १९३५ नंतर डॉक्टरांनी दारूला स्पर्श केला नाही, आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा जन्म झाला. दोष कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, प्रार्थना, आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला हात देणे, ही शिस्त त्यांनी ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळाकडून घेतली. मात्र देव कोणता, हे ज्याने त्याने ठरवावे असे म्हटले. जन्मभराची शपथ बाजूला राहिली आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्र आले.

महाराष्ट्रात हा धागा फादर जोसेफ परेरा यांनी पुढे नेला. ते स्वतः मद्याच्या व्यसनातून उठलेले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात त्यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार हे त्यांचे गुरू. म्हणून प्रार्थनेच्या जोडीला तेथे आसने आणि प्राणायाम आले. येणाऱ्याला धर्म विचारला गेला नाही. २००९ साली सरकारने फादरांना ‘पद्मश्री’ दिली. ‘कृपा’ हा शब्द ख्रिस्ती प्रार्थनेतला, तसाच तो आपल्या संतांच्या ओठांवरचाही. मिळते ती कृपा, पण टिकवावी लागते ती रोजच्या साधनेने, हे दोघांनाही मान्य आहे.

वाचकहो, दिवाळीला सारे घर एकत्र येते, तेव्हा असा एखादा काका किंवा भाऊ पुष्कळ घरांत असतो. त्याला फराळाच्या ताटावर शपथ घालू नये आणि चारचौघांत पाणउताराही करू नये. तसेच त्याची उधारी फेडून, त्याच्यासाठी खोटे बोलून व्यसनाला आसराही देऊ नये. फार पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून पहिली पायरी वैद्याची. दुसरी, त्याच वाटेने गेलेल्या माणसाची. व्यसन्याच्या घरच्या माणसांसाठीही १९५१ पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ हे मंडळ आहे, कारण जखम त्यांनाही झालेली असते. तो पुन्हा घसरला, तर सारे व्यर्थ गेले असे समजू नये. ‘उद्या सकाळी मी येतो, आपण दोघे जाऊ,’ एवढे म्हणावे, आणि सकाळी खरोखरच जावे.